साबणाचं बूच

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं भोक मी बुजवलं, आणि बदनाम झाले फुंकमिस्त्री. एवढं एक वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

डहाणूत त्यांना सगळे फुंकमिस्त्रीच म्हणत. पेट्रोलची नळी तोंडात धरून फुंकायची आणि आवाजावरून कचरा कुठं अडकलाय ते सांगायचं, ही त्यांची रीत. तोंडाला कायम पेट्रोलचा वास, त्यामुळे विडी कानावरच राहायची, न पेटवलेली. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "शेठ, तुम्ही काय केलंत?" बिघाड आधी मालकात शोधायचा, मग गाडीत, असं ते म्हणत. मालकांना हे अर्थातच आवडत नसे.

माझा ट्रक लष्कराच्या लिलावातला. त्याचं इंजिन संपलं तेव्हा मिस्त्रींनी दुसऱ्या, मोठ्या गाडीचं इंजिन त्यात बसवलं. वरोरचे सुके बोंबील भरून मी तलासरीच्या बाजाराला निघालो की गाडी आशागडपर्यंत झोकात जाई आणि तिथं धापा टाकत बंद पडे. इंजिनापर्यंत पेट्रोल जोरानं पोचत नव्हतं. मिस्त्रींनी पंप खोलला, जाळी धुतली, नळी काढून जाड घातली. शेवटी पुन्हा विचारलं, "शेठ, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून भोकात साबण कोंबला होता, पण त्याला मी अक्कल समजत होतो. 'काही केलं' यात ते मोडतच नव्हतं.

स्टेशनसमोरच्या चहाच्या हॉटेलात तज्ज्ञांची बैठक बसे. त्यांच्यापैकी एकाकडेही साधी सायकल नव्हती. परकं इंजिन या ट्रकला मानवत नाही, असा त्यांनी निकाल दिला. मग मी आशागडला नारळ फोडू लागलो. नारळ फोडायचा, पेट्रोल किती उरलं ते बघायला झाकण उघडायचं, की गाडी सुरू. श्रेय नारळाला, दोष मिस्त्रींना. मिस्त्रींनी गाडीचं वाटोळं केलं, हे त्याच हॉटेलात मी येईल त्याला सांगत सुटलो. त्यांच्याकडे इंजिनाची कामं येईनाशी झाली. होळीपर्यंत ते तलासरीला जाऊन स्टो दुरुस्त करू लागले.

त्या पावसाळ्यात साबण विरघळला. गाडी आशागडला न थांबता थेट तलासरीत गेली. झाकण पाहिलं तेव्हा कळलं, टाकीत हवा शिरल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही. कळूनही मी सहा वर्षं गप्प राहिलो. नारळ मात्र फोडतच होतो, कुणाला शंका येऊ नये म्हणून.

शेवटी एका बाजारच्या दिवशी तलासरीत मिस्त्रींपुढं उभा राहून सगळं सांगितलं. ते स्टोला पिन मारत होते. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"इथं मला कोणी वाईट म्हणत नाही, शेठ," ते म्हणाले. "माझं नाव डहाणूत गेलं. तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांना ट्रकमध्ये शेजारी बसवून आणलं. हॉटेलात तीच बैठक होती. बैठकीसमोर जाऊन उभा राहिलो.

"मिस्त्रींचं काम चोख होतं. भोक मी बुजवलं, आणि खोटंही मीच बोललो. तुम्हा सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो."