डोंगरापलीकडून आलेलं व्हय म्हाराजा

मी वाडी सोडली त्या सकाळी आबांनी मला खळ्यात उभं केलं, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. अख्खी वाडी जमली होती. माझ्या खांद्याला नवी बॅग, पायांत कुणाचे तरी मागून आणलेले बूट, चालताना चावणारे. आबांचा आवाज खणखणीत. "बा देवा म्हाराजा! ह्यो माजा पोरगा दर्याच्या पलीकडं चाललाय. त्याच्या हातून काय तरी उजेडाचं काम होऊ दे रे म्हाराजा!" आणि सगळी वाडी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" आईनं तेवढं म्हटलं नाही. ती माझ्या बॅगेत कोकमं कोंबण्यात गुंतली होती. एसटी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच बोलली, "जेवत जा येळच्या येळी."

वाडीतल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं घर सोडून पुण्याला, कुवेतला, कुठं कुठं गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. मी चौथी पास. मुलगा विनोद म्हणाला, "बाबा, तुम्ही बोला, मी टाइप करतो." म्हटलं, नको. तू माझं मराठी सुधारशील.

शहरात वाढलेल्या पोरांसाठी आधी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. काम धरण्याआधी त्या जागेच्या धन्याला हाक मारून सांगायचं, बाबा रे, असं असं करतोय, सांभाळ. सांगायचं एकानं, पण होकार सगळ्यांनी द्यायचा. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. नुसता एक म्हातारा ओरडला असं होतं.

आबा घाटाखालच्या वीजघराच्या बोगद्यात दगड उचलायला होते. दोन्ही टोकांनी खणत आलेला बोगदा जिथं एकमेकाला भेटणार, तिथं त्यांना उभं राहायचं होतं. पण मोठे साहेब येणार म्हणून मजुरांना आदल्या दिवशीच बाहेर काढलं. वीज गेली मुंबईला, आणि वाडीत आम्ही पुढं कित्येक वर्षं कंदिलाच्या काचा पुसत बसलो. आबांना विजेचं एवढं काही नव्हतं. ते म्हणायचे, "बोगदा भेटला तवा मी न्हवतो रं." लग्न ह्यांनी जमवलं आणि अक्षता पडताना हे मांडवाबाहेर! मरेपर्यंत ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

मी मस्कतला आलो तेव्हा रुवीत एका खोलीत आम्ही इतके जण होतो की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. सुतारकी येत होती म्हणून शटरिंगला लागलो. काँक्रीट ओतायच्या आधी त्याला लाकडा-पत्र्याचा साचा बांधतात, ते काम. पूल बांधले, टाक्या बांधल्या, वादी कबीरला वर्कशॉपांच्या शेड बांधल्या. फोरमन झालो. रुवीची खोली सुटली, आता अल् घुब्राला मुलाच्या फ्लॅटमध्ये मला वेगळी बाथरूम आहे. पण आबांचं उजेडाच्या कामाचं गाऱ्हाणं फळत नव्हतं. जिथं बारमाही नदी नाही त्या देशात पाण्यावर वीज कोण करणार?

आणि केली की हो! ओमान आणि अमिरात, दोघा शेजाऱ्यांनी मिळून, हद्दीवरच्या डोंगरात काम काढलं. वर ओमानच्या बाजूला एक तळं, खाली पलीकडच्या बाजूला दुसरं, मधे डोंगराच्या पोटातून बोगदा. दिवसा उन्हापासून वीज भरपूर होते, तिच्या जोरावर खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी घराघरात एसी लागले की तेच पाणी खाली सोडायचं, टर्बाइन फिरवायची आणि वीज दोघांनी वाटून घ्यायची. तेच पाणी! वर, खाली, पुन्हा वर. नदी लागतच नाही. अर्बाबनं, म्हणजे आमच्या मालकानं, हमूदनं हे काम घेतल्याचं कळलं तेव्हा मी सायटीवर चहाचा ग्लास तसाच ठेवून त्याच्या गाडीत जाऊन बसलो.

कोल्हापूरकडचे पाटील म्हणून तरुण इंजिनियर आहेत तिथं. त्यांना विचारलं, "साहेब, चढवायला लागते तेवढी वीज परत मिळते?"

"नाही काका, थोडी कमीच मिळते."

"मग हा धंदा कसला?"

"पण गरजेच्या वेळेला मिळते ना!"

ते उत्तर मी खिशात घालून फिरतोय. आपलं तरी काय झालं? जेवढा जीव घालून इथं चढलो तेवढा घरी काही पोचला नाही. आईला शेवटचं बघितलं नाही. पण तिचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, वाडीची विहीर, गरजेच्या वेळेला काही ना काही खाली उतरलं. मी रडगाणं गात नाही. हिशेब बरोबर आहे, एवढंच सांगतोय.

बोगदा दोन्ही बाजूंनी खणायचा होता. पहिल्या सुरुंगाच्या दिवशी मी आत होतो, आणि त्याच दिवशी ठरवलं, भेटतानाही मी असणार. आबा नव्हते, मी असणार. पण भेट जवळ आली आणि विनोदनं माझं गावचं तिकीट काढलं, ते नेमकं भेटीच्या आधीचं! व्हिसा संपत आला होता, वयामुळं पुढं मिळणं कठीण. "बाबा, आता खलास. गावी जा, आराम करा."

"तिकीट पुढं ढकल."

"अहो, व्हिसा संपतोय!"

"त्याच्या आधी बोगदा संपेल."

नात इरा शाळेची बॅग पाठीला लावता लावता म्हणाली, "पप्पा, लीव्ह इट. आजोबा इज बीइंग आजोबा." मला एवढं इंग्रजी कळतं. तिकीट पुढं गेलं.

भेटीच्या दिवशी सेफ्टीवाल्यानं तोंडाशीच अडवलं. "अंकल, रूल है. आज बुजुर्ग लोग अंदर नहीं." मी हेल्मेट घालून तिथंच खोक्यावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली, मी बसलेला. सुट्टी संपली, मी बसलेला. ऊन असं की खोक्याचा पत्रा भाकरी भाजेल. शेवटी हमूदची गाडी आली. तो मला शैबा म्हणतो, म्हणजे म्हातारा. त्याची स्वतःची दाढी माझ्याहून पांढरी आहे. "शैबा, इधर क्यों बैठा?" मी माझ्या हिंदीत, अडलं तिथं अरबीत, आबांची गोष्ट सांगितली. तो सेफ्टीवाल्याकडं वळला. "पहला दिन ये अंदर था. आज मेरे साथ जाएगा. यल्ला, चलो!"

आत गेलो. समोर शेवटचा दगड. त्यात आधी दंडाएवढं भोक पाडतात, मग राहिलेला दगड उडवतात. ड्रिलचा आवाज एकाएकी बदलला, रॉड मागं ओढला, आणि त्या भोकातून वारा आला! पलीकडच्या देशाचा वारा, माझ्या तोंडावर! पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी डब्याच्या पिशवीतून नारळ काढला.

पाटीलसाहेब धावले. "काका, इथं फोडायचा नाही हं."

"फोडत नाही. नुसता धरतो."

हमूदला विचारलं, "इस पहाड का मालिक कौन?"

"अल्लाह."

"वो तो सबका. ये पहाड?"

तो हसला. म्हणाला, माझा आजा इकडं शेळ्या चारायचा, पलीकडं त्याचा चुलतभाऊ चारायचा, हद्द बिद्द नंतर आली. बस. धनी सापडला. मी भोकाशी उभा राहिलो आणि आबांच्या आवाजात सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या डोंगरावर शेळ्या राखणाऱ्या दोघा चुलतभावांच्या राखणदारा! आमच्या वाडीच्या येशीवरच्या म्हाराजा—" चुकलो! सवयीनं आमच्या येशीवरच्याला, वाडीची वेस राखणाऱ्या देवाला, ओमानात बोलावलं. पण एकदा तोंडातून गेलेलं नाव मागं घेता येत नाही, तसंच पुढं रेटलं. "दोनी अंगांनी खनत आलेल्या लेकरांची भेट सुखरूप होऊ दे, हितल्या पान्याचा उजेड दोनी घरांत पडू दे रे म्हाराजा!"

आणि थांबलो. होकार द्यायला कोण? नेपाळी, बिहारी, पठाण माझ्याकडं बघत उभे. पाटलांना हे ठाऊक नाही, ते घाटावरचे. एक म्हातारा ओरडला, एवढंच झालं म्हणायचं.

तेवढ्यात त्या भोकातून, दगडाच्या पलीकडून, दुसऱ्या देशातून आवाज आला, "व्हय म्हाराजाऽऽ!"

माझ्या हातातला नारळ पडता पडता राहिला. भोकाला तोंड लावून ओरडलो, "कुटला रं तू?"

"रत्नागिरीचा, खाडीपट्टीचा! मुकादम म्हनत्यात. काका, तुमच्या येशीवरचा येवढ्या लांब येयाचा कसा? व्हिसा काडलाव का त्याचा?"

"व्हिजिटवर आलाय!"

पलीकडं हसण्याचा गडगडाट, अलीकडं कुणाला काही कळलं नाही तरी सगळे हसायला लागले, हमूदसुद्धा. मुकादम पाचवेळचा नमाजी. मी विचारलं, तुला हे कसं ठाऊक? म्हणाला, "गावात सगळी व्हय म्हनताना आमचा आजा काय गप बसायचा? गाव तर आमचापन हाय."

दुसऱ्या दिवशी दगड उडाला, दोघं मधोमध भेटलो. माझ्या निम्म्या वयाचा, धुळीनं पांढरा. तोंडाशी बाहेर येऊन नारळ फोडला, एक वाटी त्याला, एक मला.

मंडळी, इतकी वर्षं कुणी विचारलं, घर कुठं, तर मी वाडीचं नाव सांगायचो, आणि मुलगा अल् घुब्राचं सांगायचा, आणि आमचं जुंपायचं. आता भांडत नाही. आपण हाक मारल्यावर जिथून व्हय येतं ते घर. मग ते खळं असो, नाहीतर भोकाच्या पलीकडचा देश.

मी येतोय. आबांच्या फोटोपुढं उभं राहून सांगायचंय, बोगदा भेटला तवा मी होतो. पण पहिलं पाणी सुटेल त्या दिवशी मी पुन्हा इथं असणार. येशीवरच्यासारखा मीही व्हिजिटवर येईन, विनोदला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी फोन लावीन. तुम्ही सगळे खळ्यात जमा, फोन स्पीकरवर ठेवा. बोलायचं ते मी बोलेन. तुमचं काम एकच आहे, आणि जरा मोठ्यानं करा. बोगदा लांब आहे.