भिंतीपलीकडचा अनंत

उचगावात एकाच घराचे आणि परड्याचे दोन भाग करून दोन जावा राहतात. थोरली आक्काताई, धाकटी धोंडुबाई. मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीच्या दोन्ही अंगांना अनंताची दोन झाडं. दोन्ही रोपं आक्काताईनेच कुरुंदवाडहून, माहेरच्या दारातून आणलेली. एक तिने स्वतःसाठी ठेवलं, एक जावेला दिलं. देताना त्यातलं बारकं दिलं, हे मात्र ती कुणाला सांगत नसे.

बारकंच झाड फोफावलं. उन्हाळा तापला की धोंडुबाईच्या दारात पांढरीशुभ्र फुलं उमलायची आणि त्यांचा वास थेट आक्काताईच्या चुलीपर्यंत यायचा. तिच्या झाडाला कळ्या यायच्या, पिवळ्या पडायच्या, गळायच्या. तिने शेणखत घातलं, ताक ओतलं, सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घातलं. झाड आपलं रुसलेलंच.

जळफळाट नुसत्या झाडाचा नव्हता. लग्न होऊन आल्यापासून सासूला धाकटीच्याच हातची भाकरी गोड लागायची. पै-पावणा आला की आधी धाकटीच्या दारात टेकायचा. आक्काताईने ते सगळं गिळलं, कारण फुलं तिची होती. अबोली, शेवंती, जास्वंद. गल्लीतल्या बायका परडी घेऊन तिच्याकडेच यायच्या. आता त्या तिच्या दारावरून पुढे जायला लागल्या.

एका सकाळी तिची सून राजनंदिनी केसात अनंत माळून आली.

"कुठनं आणलंस?"

"काकींनी दिलं. स्टेटसला फोटो बी ठेवलाय, बघा की."

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. नवरा जोतीराम काही बोलला, तर तिने त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं.

पुढे पावसाळ्यात, बहर ओसरता ओसरता, धोंडुबाईची हुपरीला दिलेली लेक शिवानी बाळंत झाली. धोंडुबाई पिशवी घेऊन भिंतीशी आली. "आक्काताई, मी पोरीकडं चाललोय. दाराकडं जरा ध्यान असू द्या."

"जा तू. मी हाय की."

रविवारी दुपारी जोतीराम घोरत होता, सून बाजाराला गेली होती. आक्काताई कोयता घेऊन जावेच्या फाटकातून आत शिरली. भिंतीवर झुकलेली एक फांदी तेवढी तोडायची, असं तिने ठरवलं होतं. ती तोडली. मग तिच्या शेजारची. मग हात थांबेना. दम लागून ती उभी राहिली तेव्हा गुडघ्याएवढे खुंट उरले होते. फांद्या तिने ओढ्यात टाकल्या, हातपाय धुतले, चहा केला. चहा तिला फार गोड लागला.

महिन्याने धोंडुबाई परतली आणि झाडासमोर थबकली. कुणी विचारण्याआधीच आक्काताई खिडकीतून ओरडली, "गुरं शिरली वाटतं गं! फाटक उघडं ऱ्हायलं असंल."

धोंडुबाईने खुंटावरून बोट फिरवलं. "असंल," म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या खुंटांतून फुटलेलं झाड असं भरगच्च झालं की फुलांपुढे पानं दिसेनात. रस्त्याने जाणारी माणसं गाडी थांबवून बघायची. आक्काताई पुढचं दार सोडून परसातून ये-जा करू लागली. आपणच कापलं आणि आपल्याच नाकावर टिच्चून फुललं, हे तिला अन्न गोड लागू देईना.

बहर संपल्यावर एके दिवशी धोंडुबाईने भिंतीवर कोयता आणून ठेवला.

"छाटायची येळ झाली, आक्काताई. औंदा बी तुमीच छाटा."

"मी? मी कशाला छाटू तुझं झाड?"

"गुरानं खाल्लं तर फांदी चघळल्यागत दिसती. ही सपासप कापलेली हुती. मी त्याच दिवशी वळखलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? घरात जाऊन रडलो. पोरीला सुदिक सांगितलं न्हाय."

शिव्या आल्या असत्या तर आक्काताईने दुप्पट दिल्या असत्या. पण जाऊ नुसती उभी होती. फुलं तर हिचीच, आता मनाचा मोठेपणाही हिचाच, हे आक्काताईला जास्त झोंबलं. मान खाली घालून ती म्हणाली, "चुकलं माझं." आणि लगेच खेकसली, "आता माझं बी छाट. असंच."

धोंडुबाई फाटकातून आत आली. आधी तिने बुंध्याची माती उकरून पाहिली. "चिखल झालाय हितं. मुळं कुजायली. इतकं पाणी कशाला घालताय? वाळल्याबिगर घालू नगा." मग फांद्या उतरवल्या. आक्काताई कापलेल्या फांद्या गोळा करत होती.

दुसऱ्या वर्षी आक्काताईच्या झाडाच्या कळ्या टिकल्या. थोड्या होत्या, पण उमलल्या. पहिलं फूल तिने देवाला वाहिलं नाही की सुनेला दिलं नाही. स्वतःच्या अंबाड्यात खोवलं आणि जवळची डेअरी सोडून, दूध घालायला गावाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली.