भाऊंनी पाठवलंय

आमच्या शहरातल्या मस्तगड भागात भरदुपारी एका बाईला गंडवून तिच्या घरचा कूलर नेणारा तो माणूस मी. गंडवत असताना मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू.

नव्वदच्या आसपासचा मे महिना. बायकोला आठवा महिना लागलेला आणि एमआयडीसीजवळची आमची पत्र्याची खोली भाकरी भाजता येईल इतकी तापलेली. बायकोचे थोरले भाऊ (माझं सगळं सासर त्यांना 'भाऊ'च म्हणतं) नुकतेच मस्तगडात नव्या घरी राहायला गेले होते. त्यांचा निरोप आला, "आमचा जुना कूलर घेऊन जा. निळं दार हाय. मी नसलो तर सांगा, भाऊंनी पाठवलंय."

डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळून मी टेंपो घेऊन पोचलो. निळं दार दिसलं. (गल्लीत पुढंही दोन निळी दारं होती, पण पहिलं सापडल्यावर दुसरं कोण शोधतो!) दार एका अनोळखी बाईनं उघडलं. वहिनींची बहीण आली असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

"भाऊंनी पाठवलंय."

"कूलरसाठी ना? या. भाऊ सांगून गेल्ते, माणूस येईल म्हणून. मोटर लई आवाज करते बघा."

"करू द्या. घरी मला आवाजाची सवय आहे."

ती जरा गोंधळली. "मंग परत कधी आणताल?"

"उन्हाळा संपला की."

"इतका टाइम लागंल?"

"त्याच्या आधी आणून काय उपयोग?"

तिनं मला माठातलं पाणी दिलं, ते मी रुमाल जरासा वर करून प्यालो, आणि कूलर उचलायला तिनं हातभारही लावला.

संध्याकाळी बायको कूलरसमोर पाय पसरून बसली होती आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझं कौतुक करत होती. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टेंपोतून भाऊ उतरले. मागं कूलर.

"दाजी, तुम्ही आलेच न्हाई. दुपारभर वाट पाहून राह्यलो."

"आलो होतो की. नेला पण कूलर."

"कोणाचा?"

"तुमचा."

"माझा टेंपोत हाय."

"मग हा कोणाचा?"

"ते तुम्हीच सांगा."

मी या कूलरकडून त्या कूलरकडं बघत राहिलो. भाऊ खाटेवर टेकले. "आमच्या गल्लीत आज ठगी झाली. मोटरीचा मिस्त्री म्हणून एक जण आल्ता अन् कूलरच घेऊन गेला. त्या घरी सासऱ्याला भाऊ म्हणतेत, ते बी त्याला बराबर ठावं. अन् हिंमत पहा, उन्हाळा संपल्यावर आणतो म्हणून तोंडावर सांगून गेला! सकाळी पोलिसात चाललेत ते लोक."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मला कळायला आणखी थोडा वेळ लागला.

मी बियाण्याच्या कंपनीत कारकून, अजून कायमही झालो नव्हतो. दारात पोलीस आला असता तर नोकरी गेलीच असती, आणि मूल जन्मायच्या आत त्याचा बाप ठग ठरला असता. भाऊंचा कूलर उतरवला, त्या घरचा टेंपोत चढवला आणि मी नि भाऊ निघालो.

निळ्या दारात अर्धी गल्ली जमली होती. मी हात जोडले. "कूलर मीच नेला होता. घर चुकलं माझं."

त्या घरचे म्हातारे भाऊ मला खालून वर न्याहाळत राहिले. मग सुनेला म्हणाले, "हाच का?"

"न्हाई भाऊ. तो लई हुशार होता."

"अहो बाई, मीच तो. तोंडाला रुमाल होता. उन्हाळा संपला की आणतो म्हणालो नव्हतो का?"

"ते तर आता सगळ्या गल्लीला माहीत हाय."

म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, त्या ठगानं हा तुझ्या गळ्यात मारला असंल. भोळ्या माणसाचं असंच होतं. चहा घेऊन जा."

मला खरंच राग आला. मी पुन्हा तोंड उघडणार, तोच आमच्या भाऊंनी माझं मनगट दाबलं. "दाजी, गप ऱ्हा. सुटलात."

तक्रार झाली नाही, नोकरी टिकली, मुलगी सुखरूप झाली. सल एकच राहिला. आयुष्यात मला हुशार म्हणणारी ती एकच बाई भेटली, आणि मी समोर उभा राहिल्यावर तिनंही मला ओळखलं नाही!