बायनाबाईचं मनगट

सिंदेवाहीच्या आमच्या मोहल्ल्यात बायनाबाईइतक्या झपाट्यानं बिडी वळणारी दुसरी बाई नव्हती. बुटकी, अंगानं भरलेली, रुंद पंजा आणि जाडजूड मनगट. मुलगी बघायला आलेल्या सासूनं म्हणे आधी तिचं मनगटच चाचपलं होतं, आणि पोरगी कामाची आहे म्हणून तिथंच होकार दिला होता. बायनाबाई हे फुशारकीनं सांगायची.

शहाऐंशी साली तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. अंगठा बधिर व्हायचा, पानं कापताना कैची गळून पडायची. तिला कारखान्यात बिड्यांच्या कट्ट्यांना, म्हणजे बांधलेल्या जुड्यांना, लेबल लावायचं हलकं काम हवं होतं. मालक म्हणाला, डॉक्टरचा कागद आण.

चंद्रपूरच्या एका डॉक्टरानं तिची उंची, वजन, पंजाची लांबी-रुंदी घेतली. मनगटाची तर रुंदीही मोजली आणि जाडीही. इंग्रजीतला तो कागद मी, शाळेचा मास्तर, कारखान्यात सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत मराठीत सांगितला. मनगटातून बोटांकडे जाणारी नस दाबली गेली आहे. बुटका, वजनदार बांधा, रुंद पंजा आणि रुंदीइतकंच जाड मनगट असलं की हा धोका जास्त. त्यात दिवसभर मनगट मुडपून काम. तरी काम बदलून द्यावे.

मालकानं अर्धाच कागद ऐकला. "म्हंजे खोट तुह्या मनगटात हाये, बाई. माह्या बिडीत नाई."

लेबलाचं काम मिळालं नाहीच. उलट सोमवारी मुनीम लोखंडी पट्टी घेऊन दारात बसला आणि एकेकीचं मनगट मोजून नऊ जणींना त्यानं घरी पाठवलं. सगळ्यांचे हात ठणठणीत! त्यात बायनाबाईची सतरा वर्षांची नीलाही होती, हात थेट आईचा. माझं डोकंच फिरलं. कागद घेऊन मी मालकाकडे गेलो, शेवटची ओळ त्याच्या नाकासमोर धरली.

तो हसून म्हणाला, "मास्तर, जाड मनगटाचं तुमीच त वाचून दाखवलं."

बाकीच्या आठ घरांनी बायनाबाईशी बोलणं सोडलं. विहारात ती भिंतीला टेकून एकटीच बसू लागली. एकदा मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "बाई, चूक कागदाची नाही."

"मले मालूम हाये," डाव्या हातानं उजवा चोळत ती म्हणाली. "पण दुखणं माह्या एकटीचं होतं, मास्तर. तुमी वाचलं, अन् नऊ जणींचं करून ठेवलं."