खराडीच्या वाटेवर लागणारा दिवा

"मॅडम, खराडीच्या रस्त्यातच काहीतरी दोष आहे," कदमसाहेब म्हणाले.

सकाळी सकाळी वर्कशॉपमध्ये असं काही कानावर पडलं की पुढचा दिवस कसा जाणार ते कळतं. कदमसाहेब तिसऱ्यांदा आले होते. तक्रार तीच. कर्वेनगरहून खराडीच्या ऑफिसला निघाले की अर्ध्या वाटेत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. हवा बघावी तर चारही चाकांत बरोबर. आधी दोनदा आम्ही हवा तपासून, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून गाडी परत दिली होती. दिवा दुसऱ्या दिवशी हजर.

हा दिवा काय ते आधी सांगते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हपाशी, एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून वायरलेसने गाडीला कळवतो. याला टीपीएमएस म्हणतात. हवा कमी झाली की दिवा लागतो. एखाद्या चाकाकडून निरोपच येईनासा झाला तर आधी लुकलुकतो आणि मग लागून राहतो. कदमसाहेबांचा लुकलुकणारा होता.

"ते निरोप घेणारं रिसीव्हर बदलून टाका," आमचे मॅनेजर साळवीसर म्हणाले. "वॉरंटीत आहे. तुमच्या घरचं काय जातंय?"

"पण तो बिघडलेला नाही, सर."

"मग काय बिघडलंय?"

"तेच शोधतेय."

"लवकर शोधा. तो माणूस मला मोबाइल टॉवरवर लेक्चर देतोय."

मला न बिघडलेली वस्तू बदलायचा मनापासून राग आहे. मी बाहेर आले. या वेळी कदमसाहेबांबरोबर त्यांच्या मिसेस होत्या, सुनंदाताई. पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

"दिवा रोज लागतो?" मी विचारलं.

"रोज. फक्त रविवारी नाही लागला. सगळे कात्रजला गेलो होतो, प्राणी बघायला. जाताना नाही, येताना नाही. म्हणून तर म्हणतो, खराडीच्या रस्त्यात—"

"सगळे म्हणजे?"

"धाकटा भाऊ आणि त्याची फॅमिली. त्यांची गाडी अगदी माझ्या पुढे. ट्रॅफिक एवढा, की बंपरला बंपर. सेम मॉडेल, सेम रंग. एकदम घेतल्या, डिस्काउंट मिळाला."

माझ्या डोक्यात तिथे काहीतरी हललं. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो आणि गाडी फक्त आपल्या यादीतल्या नंबरांचं ऐकते. मी सेन्सरचा नंबर वाचणारं टूल घेऊन एकेका व्हॉल्व्हपाशी धरलं. तीन चाकांचे नंबर यादीत सापडले. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर ठणठणीत होता, पण नंबर परका. बिचारा रोज इमाने इतबारे दाब सांगत होता आणि गाडी ढुंकून बघत नव्हती. तिचा स्वतःचा सेन्सर बहुधा भावाच्या गाडीत फिरत होता. दोन्ही गाड्या चिकटून चालल्या की त्याचा निरोप इकडे पोचायचा.

"साहेब, चाक बदललंत का?"

"माझ्या गाडीला मी सोडून कोणी हात लावत नाही. हिला आत्ता आत्ता देतो चालवायला, तेही लेखी परीक्षा घेतल्यासारखं."

सुनंदाताईंना जोराचा खोकला आला. मी त्यांना पाणी प्यायला कूलरपाशी नेलं.

"ताई, तुमच्या पाया पडते, यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी हे घरूनच काम करतात, तेव्हा मी गाडी घेऊन कात्रजला आईकडे जाते. दोन आठवड्यांपूर्वी तिची पिशवी ठेवायला डाव्या बाजूला गेले, तर रिमवर हा एवढा ओरखडा! कधी घासलं, कुठे घासलं, आवाजसुद्धा आला नाही हो. तशीच जाऊबाईकडे गेले. ती म्हणाली, माझ्या गाडीला ओरखडेच ओरखडे आहेत, त्यात आणखी एक. पंक्चरवाल्याला बोलावून चाकांची अदलाबदल केली."

"मग त्यांच्या गाडीत नाही लागत दिवा?"

"लागतो ना. तिने त्यावर गणपतीचं स्टिकर लावलंय." मग त्यांचा आवाज खाली आला. "यांना कळलं तर किल्ली कपाटात जाईल. कुणाला न विचारता आईकडे जाता येतं हो मला. पहिल्यांदाच."

 मी म्हटलं, काळजी करू नका, जाऊबाईंची गाडीही गुपचूप पाठवा.

स्कॅनरने परका नंबर गाडीच्या यादीत घातला. याला रिलर्न म्हणतात. एक चक्कर मारून आले, दिवा लागला नाही. कदमसाहेबांना सांगितलं, "गाडी एका चाकाला ओळखत नव्हती. ओळख करून दिली." हे शब्दशः खरं होतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. सुनंदाताई लांब होत्या.

"मॅडम, चाक घासलं तर असं होतं का?" ते पुटपुटले.

"कुणी घासलं?"

"मीच. ऑफिसच्या रॅम्पवर, दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी. घरी बोललो नाही. पार्किंगमध्ये ती बाजू भिंतीकडे करून लावली. दोन दिवसांनी बघतो तर ओरखडा गायब! हल्लीची अलॉय व्हील्स भारी असतात हो." ते आणखी जवळ आले. "हिला कळता कामा नये. 'कठड्यापासून लांब, कठड्यापासून लांब', असं मीच तिच्या मागे लागलेलो असतो."

मला हसू आवरेना. मी कशीबशी गंभीर राहिले.

"नाही सांगणार. पण एका अटीवर. त्यांच्या हातून कधी गाडी घासली तर तुम्ही चकार शब्द काढायचा नाही."

"हे ब्लॅकमेलिंग आहे."

"हो."

त्यांनी मान डोलावली. मग किल्ली सुनंदाताईंपुढे धरली. "तू घे आज. माझी पाठ दुखतेय."

त्या इतक्या हरखल्या, की गाडी गेटमधून काढताना पुढचं डावं चाक दगडाला लागलं. खर्रर्र! सगळं वर्कशॉप थांबलं. कदमसाहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही, काही नाही!" ते ओरडले. "तुमचं गेटच पुढे आलंय!"

दिवा काही परत लागला नाही. बुधवारी आमच्या वर्कशॉपवरून कात्रजकडे जाणारी ती गाडी मला अधूनमधून दिसते. आणि 'माझ्या गाडीला मी सोडून कोणी हात लावत नाही,' असं कोणी म्हणालं, की मी स्कॅनर नंतर काढते. आधी बरोबरच्या माणसाला पाणी विचारते.