हुसेनभाईंच्या कट्ट्यावरची अख्खी सुपारी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पान खाणाऱ्याच्या चंचीच्या तळाशी सुपारीचा चुरा साठत जावा, तसे ते साठतात. एखाद्या दिवशी चंची झटकली की कळतं, अरे, हा तुकडा तर अमक्याच्या लग्नातला!

माझ्या आठवणीवर किती भरवसा ठेवावा, हे मलाच ठाऊक नाही. मी तर्कशास्त्राचा एम.ए. प्रत्येक विधानाला पुरावा मागायची जन्माची खोड. पण आता पुरावा मागायचा कुणाकडे? साक्षीदार सगळे गेले. तेव्हा थोडंफार इकडचं तिकडे झालं असेल, ते गृहीत धरा. सुपारीबद्दल मात्र माझ्या मनात काडीचीही शंका नाही!

* * *

उंब्रजला हमरस्त्यावर, मोटारी थांबायच्या त्या जागेसमोर, हुसेनभाई तांबोळ्यांचं पानाचं दुकान होतं. दुकानापुढे दगडी कट्टा, त्यावर पोती अंथरलेली. संध्याकाळच्या मोटारीने साताऱ्याहून पेपर यायचा आणि मी तो मोठ्याने वाचायचो. गावात नवं हायस्कूल निघालं होतं आणि मी तिथे मास्तर होतो. ऐकायला पंधरा-वीस माणसं. त्यातली दोन रोजची. एक आबा हवालदार, पहिल्या लढाईत फ्रान्सला जाऊन आलेले पेन्शनर. दुसरा दादू पैलवान, ज्याला आवाज खाली कसा आणायचा हे देवाने शिकवलंच नव्हतं.

बेचाळीसची चळवळ पेटलेली होती. आबांचा एकुलता एक मुलगा शंकर मॅट्रिकचा वर्ग सोडून भूमिगत झाला होता. जाताना तो बापाला म्हणाला, "तुम्ही पेन्शनीचे गुलाम!" आणि आबा म्हणाले, "पुन्यांदा तोंड दावू नगंस." त्या दिवसापासून कट्ट्यावर शंकरचं नाव कुणी काढत नसे. शंकर माझा विद्यार्थी. वादात समोरच्याला निरुत्तर कसं करायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं. बापावर त्याने त्याचाच प्रयोग केला.

एके संध्याकाळी मी लढाईची बातमी वाचली. आबा म्हणाले, "इंग्रज हारायचा न्हाई. मीठ खाल्लंय आमी त्येचं."

"आबा, मीठ त्येचं आसंल, पर समुद्र कुणाचा?" दादू गरजला.

"तुला काय कळतंय रं लढाईतलं? मातीत लोळणारा गडी तू!"

"मला न्हाई कळत. तुमच्या शंकरला कळलं, म्हून तर ग्येला न्हवं घर सोडून!"

आबांचा हात शेजारच्या लोखंडी अडकित्त्यावर गेला. मी घाईने उभा राहिलो आणि बोट वर करून म्हणालो, "एक मिनिट! हा मुद्द्यावर नाही, व्यक्तीवर हल्ला आहे!"

"मास्तर, हल्ला अजून व्हायचाय," हुसेनभाई म्हणाले. "जरा सरका."

त्यांनी बरणीतून दोन अख्ख्या रोठा सुपाऱ्या काढल्या. एक आबांच्या तोंडात कोंबली, दुसरी दादूच्या. "आधी ह्या फोडा. मग एकमेकांची डोकी फोडा!"

अख्खी रोठा म्हणजे गोटाच. गालात धरून धरून जरा मऊ झाल्याशिवाय दात लागू देत नाही. अर्ध्या तासाने दादूची सुपारी फुटली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आपण भांडत कशावरनं हुतो?"

आबांची मात्र दिवेलागणीपर्यंत फुटली नाही.

* * *

तेव्हापासून कट्ट्याचा नियमच झाला. आवाज चढला की हुसेनभाई सुपारी पुढे करणार. ती फुटेपर्यंत बोलायचं नाही, समोरच्याचं ऐकायचं.

मी उत्साहाच्या भरात पुठ्ठ्यावर तीन कलमं आणि चार पोटकलमं लिहून आणली. "चढलेला आवाज" याची व्याख्यासुद्धा केली होती. हुसेनभाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला आणि पानांच्या करंडीवर झाकण म्हणून ठेवला.

"लय कामाचा हाय," म्हणाले. "पानं सुकत न्हाईत!"

* * *

दादूला सुपारीचं इतकं कौतुक की तो ती खिशात घेऊन गावोगाव हिंडू लागला. पुतणीचं लग्न ठरवायला कुंडलला गेला, तेव्हाही घेऊन गेला. "तिथं माझं डोस्कं फिरलं तर सोयरीक मोडंल," असं त्याचं म्हणणं. विचार चांगलाच होता!

बैठकीत नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "आमची वरात मोटारीतनं निघाली पायजे. न्हाई तर आमी उठलो."

दादूचं डोकं सणकलं. त्याने झटकन सुपारी तोंडात टाकली.

"मग, मोटार कबूल का?" मामाने विचारलं.

दादू गप्प. फक्त गाल हलतोय.

"काय न्हाई म्हनना बघा पावनं! मोठ्या मनाचा मानूस!" मामा म्हणाला आणि साखर वाटली गेली. दादूची सुपारी फुटेपर्यंत मंडळी जेवायला बसलीसुद्धा.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुठलं? दादूने कऱ्हाडहून कोळशाच्या गॅसवर चालणारी एक मोटार पैदा केली. वरातीच्या दिवशी ती देवळापर्यंत आली आणि खोकून बंद पडली. मग काय! मुंडावळ्या वर सरकवून नवरदेव ढकलतोय, फेटा सांभाळत मामा ढकलतोय, आत नवरी एकटी ऐटीत बसलेली.

मामा धापा टाकत ओरडला, "पावनं, ही कसली मोटार?"

दादूच्या तोंडात त्या वेळी सुपारी नव्हती. "मोटार तुमी मागितली, ती दिली," तो म्हणाला. "चालंल आसं मी कवा बोल्लो?"

* * *

हसलो मीही. पण त्याच महिन्यात मी काय केलं ते सांगतो, म्हणजे शहाणा कोण ते ठरवा.

आमचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला होता. त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. माझी पत्नी सुमती त्याचा विषय काढू लागली की मी तिला समजावत असे. ताप कशाने येतो, त्या वेळी कऱ्हाडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, मृत्यू कसा अटळ, सगळं क्रमवार. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी आणखी एक मुद्दा मांडायचो.

एकदा ती चिडली. आवाज चढला. मी खिशातून सुपारी काढली आणि कट्ट्याचा नियम तिला समजावून सांगितला. हो, सांगितला! आज लिहितानाही कानशिलं तापतात.

तिने सुपारी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "आ करा."

मी आ केला.

मग ती बोलत राहिली. बाळाचं दुपटं तिने कुठे ठेवलंय. झोपताना तो आपलाच कान कसा धरायचा. त्या शेवटच्या दिवशी मी शाळेत गेलो होतो, परीक्षा होती म्हणून, आणि तो दाराकडे बघत होता. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. दीड वर्षात मी एकदाही विचारलं नव्हतं.

तासाभराने माझी सुपारी फुटली.

"आता बोला," सुमती म्हणाली.

मी तिच्याकडे दुसरी सुपारी मागितली.

* * *

पुढच्या वर्षी मामलेदार आले. चावडीसमोर सभा, विषय सैन्यभरती. आठवड्यापूर्वीच पोलिसांनी भूमिगतांच्या शोधात घरं उलटीपालटी केली होती. कणगीतलं धान्यसुद्धा अंगणात ओतलं होतं. लोक पेटलेले. एक जरी वाकडा शब्द आला असता तरी लाठ्या चालल्या असत्या.

आबांना पदकं लावून खुर्चीवर बसवलं होतं. मामलेदार भाषणाच्या शेवटी त्यांच्याकडे वळले. त्यांना शंकरचं माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. म्हणाले, "हवालदारसाहेब, तुम्ही सरकारची सेवा केलीत. आता सांगा सभेला, तुमचा मुलगा कुठे आहे?"

फौजदार पुढे झुकला.

आबांनी कोटाच्या खिशातून सावकाश सुपारी काढली आणि तोंडात ठेवली.

ते पाहून दादूने ठेवली. मग कट्ट्यावरच्या सगळ्यांनी. हुसेनभाई सुपाऱ्यांची करंडी घेऊन मागच्या रांगांतून फिरले. दोन मिनिटांत सगळी सभा सुपारी गालात धरून बसली. मामलेदार विचारताहेत, "कुणाला काही शंका? कुणाला काही बोलायचंय?" आणि समोर नुसते गाल हलताहेत! शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. हे त्यांना नवीन होतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि सभा संपली.

फौजदाराला मात्र काहीतरी कारवाई हवी होती. कुणाच्या तोंडातून पडलेली एक सुपारी त्याने रुमालात उचलली. "मुद्देमाल!" म्हणाला.

हुसेनभाई अदबीने पुढे झाले. "साहेब, ती उष्टी हाय. कोरी देऊ का?"

* * *

आणि आता शंकर आला त्या दिवसाचं.

लढाई संपली, वॉरंटं उठली. रानावनात गेलेली मुलं एकेक करून घरी परतू लागली. एका सकाळी आबांच्या पत्नी, तानूकाकू, डोईवरचा पदर सावरत कट्ट्यापाशी आल्या. बाईमाणूस कट्ट्यावर कधी येत नसे. आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

"हुसेनभावजी," काकू म्हणाल्या, "शंकर येतोय दुपारच्या मोटारीनं. विट्याच्या मानसाकडनं निरोप आलाय. ह्यांनी तोंड उघडलं की शिवी येणार, आन् पोरगं आल्या पावली माघारी जानार. त्येबी बापावानीच हाय. तुमची सगळ्यात घट सुपारी द्या ह्यांना."

"देतो वैनी. दोन घंटे फुटायची न्हाई अशी देतो."

"दोन घंटे?" काकू म्हणाल्या. "आवं, त्यांच्या तोंडात दाढ कुठं हाय? पान कुटून देते मी त्यांना! कवाच फुटायची न्हाई!"

आबांची सुपारी दिवेलागणीपर्यंत का टिकायची, ते आम्हाला चार वर्षांनी कळलं!

दुपारी आबा आले. दाढी केलेली, कोट घातलेला, पदकं नाहीत. आपल्या नेहमीच्या पोत्यावर ताठ बसले. हुसेनभाईंनी बरणीतली सगळ्यात मोठी सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी मूठ तोंडाकडे नेली, गाल फुगला. इतक्यात मोटारीचा भोंगा ऐकू आला.

मी काय करत होतो? मी मनात वाक्यं जुळवत होतो. बाप-लेकांत कडाक्याचं झालं तर मध्ये पडून काय बोलायचं, त्याचे पाच मुद्दे. शंकरला वाद शिकवणारा मी. त्याचं घर पुन्हा मोडलं तर त्यात माझाही हात होता.

शंकर उतरला. हडकला होता, दाढी वाढलेली, हातात एक पत्र्याची ट्रंक. समोर बाप बसलेला पाहून थबकला. मग ट्रंक खाली ठेवून पाया पडला.

आबा गप्प.

"आबा, मी आलोय."

आबा गप्प.

"शिव्या द्यायच्या असतील तर द्या. इथंच द्या, सगळ्यांदेखत. मी तयारीनं आलोय."

आबांचा चेहरा दगडासारखा. शंकर खालीच बसला आणि बोलू लागला. आधी चिडून, अगदी मी शिकवल्यासारखं, मुद्देसूद. बाप काहीच खोडून काढत नाही म्हटल्यावर त्याचे मुद्दे संपले. मग तो भलतंच सांगू लागला. पावसात उसाच्या फडात काढलेले दिवस. हिवताप आला तेव्हा ग्लानीत आईला नाही, बापाला हाका मारल्या ते. सभेत मामलेदाराने विचारलं तेव्हा आबा बोलले नाहीत, ही गोष्ट त्याला तिकडे कुंडलच्या रानात तिसऱ्या दिवशी कळली होती, ते. "त्या दिवशी मी जेवलो नाही, आबा," तो म्हणाला.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. उठले, वाकले, ती पत्र्याची ट्रंक उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले,

"चल. आई थांबलीय भाकरतुकडा घिऊन."

"आबा, नियम मोडला!" दादू ओरडला. "तोंडात सुपारी आसताना बोल्ला!"

हुसेनभाईंनी न बघता हात लांब केला आणि दादूच्या उघड्या तोंडात एक अख्खी रोठा कोंबली.

बाप पुढे, लेक मागे, दोघं गल्लीच्या वळणापर्यंत गेले. माझे पाच मुद्दे माझ्याजवळच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना पाहिलं, हुसेनभाई कट्टा झाडत होते. त्यांनी मला हाक मारली. आबांच्या पोत्याचा कोपरा उचलला. खाली कालची ती सगळ्यात मोठी सुपारी होती.

"हात लावून बघा, मास्तर," ते म्हणाले.

मी बोट लावलं. सुपारी खडखडीत कोरडी होती, बरणीतून काढली तशी कोरी.