शेड जुळलेली डाळ

आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याइतका हुशार माणूस शोधून सापडायचा नाही. हे माझं नव्हे, त्याचंच मत. भिंतीचा जुना रंग एकदा बघायचा आणि डब्यात तस्साच घोटून आणायचा, ही त्याची ख्याती. घरात मात्र त्याने चहाचं आधणसुद्धा कधी ठेवलं नव्हतं. कलावंतांनी असली हलकी कामं करायची नसतात.

अशात त्याच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, उजवा हात मोडला. मदतीला त्यांची धाकटी बहीण आली. बाई म्हणजे मूर्तिमंत सेवा! आल्या आल्या तिने रंगाचे डबे अंगणात काढले, रंगाऱ्याला आंघोळीशिवाय ताटावर बसू देईना आणि वहिनींना खाटेवरून हलू देईना. रेडिओ लावायचा तोही हिला विचारून. आणि मुक्काम प्लॅस्टर निघेपर्यंत.

रंगारी एकदा कावून म्हणाला, स्वयंपाकाचं काय एवढं, तो मीही करीन. मेहुणीने त्याला तिथेच शब्दात पकडलं.

"करा की, भाऊजी. उद्या डाळभात करा. ताई पोटभर जेवली तर मी संध्याकाळच्या गाडीने जाते. नाही जेवली, तर मी सांगेन तसं वागायचं."

साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं. डाळ तेवढी बरी शिजली, कारण ती कुकरने शिजवली. पुढचं सगळं आमच्या कलावंताने केलं. गार तेलात मोहरी टाकली आणि भिंतीवरचा अस्तराचा पहिला हात वाळायची वाट बघावी तसा शांत उभा राहिला. मग हळद. वहिनींच्या डाळीचा रंग त्याच्या डोळ्यांत पक्का होता. पण तो बघितलेला रात्रीच्या पिवळ्या बल्बखाली, आणि हा गडी ताटलीवर डाळीचा ओघळ काढून खिडकीच्या उजेडात धरतोय! रंग फिकाच दिसणार. घाल हळद. पुन्हा खिडकी. पुन्हा हळद. मी म्हटलं, बाबा, जरा चाखून बघ. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्याला ऑइलपेंट चाटायला सांगितला. मिठाचा रंग दिसत नाही, त्यामुळे ते बिचारं डब्यातच राहिलं.

ताटं वाढली. रंग, खरं सांगतो, अगदी हुबेहूब. मी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मेहुणी गालात हसत, पदर खोचून बहिणीकडे बघत बसली.

वहिनींनी डाव्या हाताने भात कालवला. घास तोंडात गेला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दुसरा घास, तिसरा घास. वाटी रिकामी करून पुढे केली.

"अहो, अजून थोडी वाढा. छान झालीये."

मेहुणीचा चेहरा त्या डाळीहून कडू झाला. पण शब्दाची पक्की, संध्याकाळी पिशवी भरून निघाली. रंगारी तिला गाडीत बसवून, छाती फुगवून परत आला आणि रात्रीही हीच डाळ करतो म्हणाला.

वहिनी खाटेवरून उठल्या, रेडिओ लावला आणि स्टूल ओढून शेगडीशी बसल्या.

"उरलेली आधी तुम्ही संपवा. मग सांगते, हळद किती घालायची."

त्याने पहिला घास घेतला, आणि मग हळूच विचारलं, "चिमूटभर म्हणजे नक्की केवढी गं?"